हिरव्या बांगड्यांचा हात

मिरजेत आकाराम पेंटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं टॉकीजवरचे बोर्ड यायचे. नायकाचे गाल लाल, खलनायकाचे हिरवट, आणि नायिकेच्या डोळ्यांत असं काही पाणी, की कारखान्यावर ऊस टाकून परतणारा गाडीवान बैलं थांबवून बघत बसायचा. पण पेंटर होण्याआधी आकाराम काय होता, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक होतं ते सांगताना डोळा मारायचे.

तो नाच्या होता. आष्ट्याच्या आप्पासोचा तमाशाचा फड एके काळी शिरवळपासून मिरजेपर्यंतच्या जत्रा गाजवायचा. आप्पासो ढोलकीवर आणि पुढं नऊवारी नेसून, पायांत चाळ बांधून आकाराम. फडातली सगळी त्याला ‘आक्का’ म्हणायची. चेष्टेत सुरू झालं आणि मग तेच नाव पडलं. आप्पासोनं हाक मारली तर मात्र तिच्यात चेष्टा नसायची. त्या एका हाकेवर आकारामनं सगळी तरणी वर्षं काढली. प्रेमच होतं म्हणा की. पण ते कोण कुणापुढं बोलणार, आणि बोललं तर ऐकणार कोण? आप्पासोचं लग्न ठरलं तेव्हा मांडवात सगळ्यांत जास्त राबला तो आकारामच, आणि वरात घरात गेल्यावर तापानं फणफणून पडला तोही आकारामच.

पुढं फडात बाया नाचायला आल्या, नाच्यांची गरज संपली. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय. मग गावोगाव टॉकीज झाली आणि फडच मोडला. आप्पासो शेतीकडं वळला. आकाराम वाळव्याकडच्या आपल्या गावी गेला, तर भावानं उंबऱ्यातच सांगितलं, की लुगडं नेसून नाचलेला माणूस घरात राहिला तर पोरींची लग्नं व्हायची नाहीत. वळकटी उचलून तो मिरजेला आला आणि यल्लम्माच्या देवळामागं बयाबाईच्या खोलीत त्यानं पाठ टेकली.

बयाबाई जोगत्यांतली थोरली. पुरुषाच्या जन्माला आलेली, लहानपणीच देवीला सोडलेली, लुगडं-चोळी घालणारी, कपाळभर हळद ल्यालेली. मंगळवारी आणि शुक्रवारी डोक्यावर जग घेऊन, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली मोरपिसांची टोपली घेऊन, ती चार-पाच जोगत्यांबरोबर दारोदार फिरायची. बाया वाकून पाया पडायच्या. पाठ वळली की त्याच दारातनं टाळी वाजायची आणि हसू ऐकू यायचं. हवालदाराला दुसरं काम नसलं की तो स्टँडवरनं यांनाच उचलायचा. एसटीचा कंडक्टर तर तिकीट देऊनही बसू द्यायचा नाही, ‘बायकांत बसू नका, पुरुषांत बसू नका’ म्हणायचा. मग बसायचं तरी कुठं, टपावर? या बाईनं आकारामला भाकरी घातली, ब्रश घ्यायला भाग पाडलं आणि ‘कोण म्हणून ठेवलायस घरात?’ असं विचारणाऱ्याला ‘माजं लेकरू हाय’ म्हणून सांगितलं.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर एके दिवशी आप्पासो मिरजेला आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण हाक तीच. आकाराम शिडीवर चढून एका मारधाडीच्या सिनेमाची तलवार रंगवत होता. खालनं ‘आक्का’ ऐकू आलं आणि तलवारीचा शेंडा नायकाच्या कानापर्यंत गेला.

आप्पासोच्या डोक्यात एक मोठं काम होतं. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांतल्या लोककलावंतांचं मंडळ काढायचं. गोंधळी, शाहीर, वासुदेव, ढोलकीवाले, जुने नाचे, जोगते, सगळे एका झेंड्याखाली. आजवर यांना कुणी कलावंत म्हटलं नव्हतं. मागते म्हणत, नाचे म्हणत, आणि त्याहून वाईटही काही म्हणत. आता मंडळाची निशाणी करायची, तिचे बिल्ले करायचे, आणि ते छातीवर लावून ताठ मानेनं फिरायचं. निशाणी एकच, पण तिची रूपं वेगवेगळी. गोंधळ्याच्या बिल्ल्यावर गोंधळ्याचा मान पुढं, शाहिराच्या बिल्ल्यावर शाहिराचा. ते सगळं चहाच्या टपरीवर बसून आप्पासोनं असं काही रंगवून सांगितलं, की आकारामचा चहा गार होऊन त्यावर साय धरली.

“छातीवर बिल्ला असला का हवालदार हात लावाय धजायचा न्हाई,” आप्पासो म्हणाला. “आन् कंडक्टर उठवायचा न्हाई. कलावंत हाय म्हणायचं, बास.”

आकारामनं एकच अट घातली. निशाणीत जोगत्यांचा मान असला पाहिजे, बाकीच्यांच्या बरोबरीनं. कोपऱ्यात नाही, पायाशी नाही. आप्पासोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, हे काय सांगणं झालं, आक्का?

झालं. आकाराम कामाला लागला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांची तोंडं रंगवली होती, आता पहिल्यांदा स्वतःच्या माणसांचं काहीतरी काढायचं होतं. त्यानं एक गोल घेतला आणि त्यात वर उचललेले हात काढले. एका हातात ढोलकी, एकात संबळ, एकात डफ, एकात वासुदेवाच्या चिपळ्या. आणि पाचवा हात जोगत्यांचा, चौंडकं धरलेला. चौंडकं म्हणजे त्यांचं एकतारीसारखं वाद्य, काखेत धरून वाजवायचं. प्रत्येक हात त्यानं वेगळ्या पत्र्यात कापला. बोर्ड रंगवणाऱ्यांची ही रीतच, पत्रा ठेवायचा, वरनं रंग मारायचा, की आकृती उमटली. पत्रे पुढं-मागं केले की ज्याचा बिल्ला त्याचा हात मधोमध येणार आणि बाकीचे त्याच्याभोवती. पाचही रूपं वेगळी, पण बघणाऱ्याला कळावं की घर एकच आहे.

चार हात झरझर झाले. पाचवा काही जमेना. बाईचा काढला तर खोटा वाटे, पुरुषाचा काढला तर बयाबाईचा वाटेना. शेवटी त्यानं बयाबाईलाच पुढ्यात बसवली आणि हात वर धरायला सांगितलं. ती लाजली. म्हणाली, या हातानं निम्म्या मिरजेच्या तोंडात मारलीय, तो काय काढतोस? पण दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं कासाराकडं गेली आणि नव्या हिरव्या बांगड्या भरून आली. कासारानं म्हणे विचारलं, मावशी, एवढं रुंद मनगट, बांगड्या फुटतील की. तर ही म्हणाली, फुटल्या तर तू भर, पण आज हात चित्रात जायचाय. कासार हसला, पण त्यानं बांगड्या निवडून भरल्या.

मग आकारामला हात सापडला. जाड मनगट, शिरा उठलेल्या, पंजा शेतकऱ्याचा, आणि त्यावर भरगच्च हिरव्या बांगड्या. बघणाऱ्याला एका नजरेत कळावं की हा हात कुणाचा आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. शालू नावाची एक तरणी जोगती होती. ती कितीतरी वेळ त्या चित्राकडं बघत राहिली आणि म्हणाली, आमाला असं कुणी काढलं न्हवतं. खरं सांगायचं तर तो हात आकारामचाही होता, आणि हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं.

बिल्ल्यांची गोष्ट जोगत्यांच्यात वाऱ्यासारखी पसरली. पण बयाबाई पिकलेली बाई, अशी हुरळणारी नव्हे. विश्वास पानिपतात गेला, असं तिचं नेहमीचं म्हणणं. आप्पासो चित्र बघायला आला तेव्हा तिनं त्याला थेट देवळात नेलं आणि देवीपुढची बेल-भंडाऱ्याची तबकडी पुढं केली. देवीचा बेल आणि हळद हातात उचलून दिलेला शब्द म्हणजे इकडं कोर्टाच्या वरचा. भाऊबंदकीतली बांधाची भांडणं त्यावर मिटतात. आप्पासोनं पायातल्या वहाणा काढल्या, बेल-भंडारा उचलला आणि म्हणाला, मंडळ हाय तवर तुमचा हात निशाणीत हाय. बयाबाईनं त्याच्या कपाळाला हळद लावली. लिहून घ्या, असं कुणाच्या मनातही आलं नाही. देवीपुढं बोललेलं आणखी लिहून काय घ्यायचं?

संक्रांतीच्या सुमाराला आप्पासो परत आला. या खेपेला घाईत होता. म्हणाला, रबरी शिक्का करायला सांगलीला दिलाय, पण तो माणूस म्हणतो पाच हात शिक्क्यात मावत नाहीत, शाई पसरून नुसता गोळा होतो. तेव्हा शिक्क्यापुरतं तीन हातांचं साधं चित्र दे. ढोलकी, संबळ आणि डफ.

यात खोटं वाटण्यासारखं काहीच नव्हतं. शिक्क्यावर बारीक काम उमटत नाही हे आकारामलाही ठाऊक होतं. तरी त्यानं विचारलं, “शिक्क्यापुरतंच न्हवं?”

“शिक्क्यापुरतंच रं, आक्का. बोर्डावर आन् बिल्ल्यावर पाची हात हायतच की.”

मग आकारामनं बसल्या बैठकीला तीन हातांचं चित्र काढून दिलं. खाली सवयीप्रमाणं सही केली. बोर्ड आणि बिल्ले कोण करणार, असं विचारलं तर आप्पासो म्हणाला, उद्घाटनाला जे पाहुणे येणार आहेत त्यांच्या ओळखीचा कारखाना आहे, तिथं पत्र्यावर मिन्याचं काम करून मिळणार, पावसात रंग जायचा नाही. आकारामला जरा वाईट वाटलं, आपल्या हातानं बोर्ड रंगवायची हौस होती त्याला. पण मंडळाचं भलं होत असेल तर आपली हौस कशाला आडवी घाला? शिक्क्यातनं हात गाळल्याचं त्यानं बयाबाईला सांगितलं नाही. एवढ्याएवढ्या गोष्टीसाठी म्हातारीच्या जिवाला घोर कशाला लावा, असं त्यानं मनाशी म्हटलं. आणि आप्पासो जाताना पाठीवर थाप मारून गेला होता, त्या थापेची ऊब अजून उतरली नव्हती, हेही आहेच.

उद्घाटन आष्ट्यात, बाजाराच्या पटांगणात. मांडव घातलेला, कर्णे लावलेले, साताऱ्याकडनं गोंधळी ट्रक भरून आले होते. त्यांचा पुढारी नाथाजी, मिशीला पीळ भरलेला, वाणी गोड आणि नजर कडक. मिरजेहून जोगते आले ते सगळे नवं नेसून. एसटीत या खेपेलाही उभंच राहावं लागलं, पण शालू म्हणाली, जाताना बसून जाऊ. तिच्या या बोलण्यावर सगळ्या हसल्या, आणि कंडक्टरनं वळून बघितलं तरी हसायच्या थांबल्या नाहीत.

मिरवणूक निघाली ती जग पुढं ठेवून. देवी पुढं असल्याशिवाय आपल्याकडं शुभकार्याला पाय उचलत नाहीत. बयाबाईच्या डोक्यावर जग, शालूच्या काखेत चौंडकं, मागं संबळ, ढोलक्या, डफ. सगळं आष्टं रस्त्यावर उतरलं होतं. आकाराम बाजूनं चालत होता, इस्त्रीची पँट आणि पांढरा सदरा घालून. मधूनच बयाबाई त्याच्याकडं बघायची आणि बांगड्यांचा हात जरा जास्तच वर करायची.

पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा सरकला. निळ्या पत्र्यावर पांढरा गोल चकचकत होता, आणि गोलात हात होते तीन. ढोलकी, संबळ, डफ.

आकारामला वाटलं, कारखान्यानं घोळ घातला. शिक्क्याचं चित्र बोर्डावर चढवलं, गाढवांनी. त्याला आप्पासोचीच काळजी वाटली, की एवढ्या लोकांत बिचाऱ्याची फजिती झाली. तो गर्दीतनं वाट काढत व्यासपीठाशी गेला आणि हातानं खुणा करून सांगायला लागला, की चूक झालीय, चित्र चुकलंय. आप्पासोनं त्याच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात आश्चर्य नव्हतं. घाबरणंही नव्हतं. लग्नघरात यजमान पोरांना ‘आत्ता नको’ म्हणून दटावतो, तेवढंच होतं.

तेव्हा आकारामला उमगलं. ज्या माणसासाठी आपण उभी हयात वाट बघत बसलो त्यानं केसानं गळा कापला, आणि सुरी आपल्याच हातानं धार लावून घेतली होती.

बिल्ले वाटायला सुरुवात झाली. एकेकाचं नाव कर्ण्यावर यायचं, माणूस वर जायचा, पाहुणे बिल्ला लावायचे, टाळ्या. गोंधळी झाले, शाहीर झाले, ढोलकीवाले झाले. वासुदेवांच्या चिपळ्याही उडाल्या होत्या, पण त्यांना निदान तीन हातांचा बिल्ला तरी मिळाला. जोगते पदर सावरून वाट बघत उभे होते. जग डोक्यावर घेऊन बयाबाईची मान अवघडली, तरी तिनं तो उतरवला नाही. नावं संपली. मग कर्ण्यावर पुकारा झाला, आता या निशाणीचे कलाकार, मिरजेचे आकाराम पेंटर यांचा सत्कार.

जायला नको होतं. उभ्या पटांगणात ओरडून सांगायला हवं होतं. पण माणूस हबकला की त्याचे पाय दुसऱ्याचं ऐकतात. कुणीतरी त्याला वर ढकललं. शाल पडली, नारळ आला, आणि बिल्ला लावायला आप्पासो स्वतः पुढं झाला. सदऱ्याच्या खिशावर टाचणी टोचताना त्याचा श्वास आकारामच्या कानाला लागला. ‘गप ऱ्हा. मागनं सांगतो,’ एवढंच तो पुटपुटला. आणि आकाराम गप्प राहिला. इतक्या वर्षांनी तो हात छातीवर होता, म्हणून की काय कोण जाणे, पण गप्प राहिला.

मांडवामागं, जिथं चुलवणावर आमटी रटरटत होती, तिथं त्यानं आप्पासोला गाठला.

आप्पासोनं आढेवेढे घेतले नाहीत, हे त्याचं कौतुक म्हणायचं तर म्हणा. नाथाजीनं सांगितलं होतं, की जोगत्याच्या बांगड्यांचा हात आमच्या संबळाशेजारी असेल तर आमचा एक माणूस मंडळात येणार नाही. शाहीरही त्यांच्यामागं उभे राहिले. पाहुणेही म्हणाले, हे असलं चित्र घेऊन सरकारदरबारी कुठं जाणार? आधी मंडळ उभं राहू द्या, पुढचं पुढं. मंडळच फुटायची वेळ आली होती.

“मग मला का न्हाई सांगितलंस?” आकाराम म्हणाला.

“सांगितलं असतं तर त्यो हात काढून टाकला असतास?”

“न्हाई.”

“म्हणून न्हाई सांगितलं.”

आकारामला रडू आलं, आणि रडू आल्याचा जास्तच राग आला. त्यानं भंडाऱ्याची आठवण दिली. आप्पासो खाली बघत म्हणाला, उचलला तेव्हा मनापासनं उचलला होता, आता देवी काय शिक्षा करायची ती करील. मग त्यानं राहिलेलंही सांगून टाकलं. हात गाळतो म्हटल्यावर नाथाजी गप्प बसला, पण दोघं-तिघं जुने ढोलकीवाले ऐकेनात, जोगत्यांना डावलायचं नाही म्हणून अडून बसले. त्यांना त्यानं आकारामचं तीन हातांचं चित्र दाखवलं.

“काय सांगितलंस त्यास्नी?”

“सांगितलं, जोगत्यांच्यातल्याच माणसानं काढलंय. त्यास्नीच नगं हाय.” आप्पासोचा आवाज अगदी बारीक झाला. “चित्र तुजंच हाय, आक्का. सही तुजी हाय. मी काय खोटं बोललो?”

आक्का. त्या हाकेची आकारामला पहिल्यांदाच किळस आली. शाल त्यानं तिथल्याच एका पोत्यावर टाकली, नारळ वर ठेवला आणि मांडवाबाहेर पडला. पटांगणात जेवणाच्या पंगती बसत होत्या. जोगते कुठंच दिसले नाहीत.

ते स्टँडवर होते. निंबाच्या पारावर जग उतरवून ठेवला होता आणि सगळ्या त्याभोवती बसल्या होत्या. न जेवता आल्या होत्या. आकाराम जवळ गेला आणि सांगायला लागला. शिक्क्याचं सांगितलं, नाथाजीचं सांगितलं, आपण कसे फसलो ते सगळं सांगितलं. जीव तोडून सांगितलं. शालूनं मान फिरवली. बयाबाईनं मात्र सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “आप्पासो फसवणारच व्हता. नाथाजी आमाला मघाच मांडवात बोलला, तुमच्याच पेंटरनं हात गाळला म्हणून. म्या त्येच्या तोंडावर सांगितलं, माजं लेकरू असं करायचं न्हाई.”

आकारामनं मान खाली घातली.

“शिक्क्यातनं हात काढलास तवा मला का न्हाई इचारलंस?”

याला उत्तर होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. विचारलं असतं तर ती ‘नको’ म्हणाली असती. ती ‘नको’ म्हणाली असती तर आप्पासोला ‘नाही’ म्हणावं लागलं असतं. आणि आप्पासोला ‘नाही’ म्हणणं त्याला या जन्मात कधी जमलं नव्हतं. आप्पासोनं जे त्याच्याशी केलं, तेच त्यानं अगदी बारीक मापात बयाबाईशी केलं होतं. आपल्याला नकार मिळेल म्हणून विचारलंच नव्हतं. हे तिला सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण तिच्या डोळ्यांकडं बघून कळलं, की तिला ते त्याच्याही आधी कळलं होतं.

“त्यो बाहेरचा हाय,” ती म्हणाली. “बाहेरच्यानं लाथ मारली तर आमी हसतो. सवय हाय आमाला.”

आणि ती जगाची मोरपिसं नीट करायला लागली.

सांगलीची गाडी आली. निम्मी रिकामी होती. जोगते उठले, जग उचलला, दाराशी गेले. कंडक्टर दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, गाडी फुल्ल आहे, मागच्या गाडीनं या. शालू काहीतरी बोलायला गेली, बयाबाईनं तिचा हात दाबला. तेवढ्यात कंडक्टरची नजर आकारामवर गेली. इस्त्रीचा सदरा, खिशावर चकचकीत निळा बिल्ला. त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, मंडळवाले व्हय, या की, पुढं जागा आहे.

आकाराम दगडासारखा उभा. मागनं बयाबाईचा आवाज आला, शांत, अगदी परक्या पाहुण्याशी बोलावा तसा. इतक्या वर्षांत ती त्याला ‘तू’ सोडून कधी बोलली नव्हती.

“बसा तुमी. तुमास्नी बिल्ला हाय.”

कंडक्टरनं घंटी मारली. आकाराम चढला नाही. बिल्ला काढायला गेला तर आप्पासोनं टाचणी अशी काही आत दाबली होती, की ती निघता निघेना. बोटाला टोचली, रक्त आलं, सदरा फाटला, तेव्हा कुठं निघाली. एसटी धूळ उडवत निघून गेली. जोगते परत पारावर येऊन बसले, खांद्याला खांदा लावून. आकाराम त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला, फाटक्या खिशानं. पारावर जागा भरपूर होती, पण कुणी सरकलं नाही. मागची गाडी येईपर्यंत तो तसाच उभा होता.